धावण्याच्या सरावातील घोटेदुखी

धावण्याच्या सरावातील घोटेदुखी म्हणजे धावण्याचे अंतर, वेग, आठवड्यातील दिवस किंवा चढ-उतार वाढवल्यानंतर घोट्याच्या सांध्यात अथवा त्याच्या भोवतालच्या अस्थिबंध, कंडरा व हाडांमध्ये उद्भवणारी वेदना होय. हा एकच विकार नसून अनेक निरनिराळ्या इजांचे समान लक्षण आहे. या इजांचे दोन मुख्य गट पडतात. पाय मुरगळण्यासारखी इजा एका क्षणी घडते, तर अतिवापराची इजा कित्येक आठवडे हळूहळू साचत जाते. सराव वाढवताना होणारी घोटेदुखी बहुधा दुसऱ्या गटातील असते. भार वेळीच कमी केला आणि स्नायूंना बळकटी आणणारे व्यायाम केले, तर तिच्यातील बहुतेक प्रकार शस्त्रक्रियेविना बरे होतात. ताणभंग मात्र याला अपवाद ठरू शकतो. वारंवारच्या भाराने हाडाला पडलेल्या बारीक चिरेला ताणभंग म्हणतात. त्याकडे दुर्लक्ष करून धावत राहिल्यास हाड पूर्णपणे मोडू शकते. त्यामुळे कोणते दुखणे सोसत सराव चालू ठेवता येतो आणि कोणत्या दुखण्यात थांबलेच पाहिजे, हे ओळखण्याला या विषयात सर्वाधिक महत्त्व आहे.

घोट्याची रचना

घोट्याचा सांधा तीन हाडांचा बनलेला असतो. नडगीचे हाड म्हणजे अंतर्जंघास्थी, तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे बहिर्जंघास्थी आणि या दोहोंच्या खाली टॅलस नावाचे हाड. वरच्या दोन हाडांची खालची टोके टॅलसला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरून ठेवतात. घोट्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूस हाताला लागणारे उंचवटे ही त्यांचीच टोके होत. हा सांधा बिजागरीप्रमाणे हलतो. निरोगी घोट्यात पाऊल वरच्या दिशेला सुमारे २० अंश आणि खालच्या दिशेला सुमारे ५० अंश वळते. पाऊल आत किंवा बाहेर कलण्याची क्रिया मुख्यत्वे टॅलस आणि टाचेचे हाड यांच्यामधील सांध्यात होते.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात, तर आतल्या बाजूला एक रुंद, त्रिकोणी व मजबूत अस्थिबंध असतो. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असल्यामुळे तळवा आतल्या दिशेला सहज वळतो, बाहेरच्या दिशेला तितक्या सहज वळत नाही. म्हणूनच पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि त्यांतही पुढचा अस्थिबंध प्रथम दुखावतो.

पोटरीच्या स्नायूंपासून टाचेपर्यंत येणारी जाड कंडरा अकिलिस कंडरा या नावाने ओळखली जाते. बाहेरच्या उंचवट्यामागून दोन कंडरा जातात आणि पाऊल आत मुरगळू न देण्याचे काम करतात. आतल्या उंचवट्यामागून जाणारी कंडरा तळव्याची कमान उचलून धरते. टॅलस या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नसतो. त्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने आच्छादलेला असल्याने रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास जागा कमी मिळते. परिणामी त्याची इजा सावकाश भरून येते.

धावताना घोट्यावर येणारा भार

चालताना एक पाऊल सतत जमिनीवर असते. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर अधांतरी असते आणि नंतर एका पायावर उतरते. त्या वेळी जमिनीकडून मिळणारा प्रतिभार शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. अकिलिस कंडरेवरील ताण त्याहूनही अधिक, म्हणजे वजनाच्या सुमारे सहा ते आठ पट होतो.

मध्यम गतीने एक किलोमीटर धावताना सुमारे एक हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पाय सुमारे ५०० वेळा जमिनीवर उतरतो. रोज तीन किलोमीटर धावणाऱ्याने अंतर पाच किलोमीटर केले, तर प्रत्येक घोट्याला दररोज सुमारे एक हजार अधिक आघात सोसावे लागतात. अंतरातील दोन किलोमीटरची वाढ कानाला लहान वाटली, तरी घोट्याच्या दृष्टीने ती लहान नसते.

सराव वाढवताना दुखणे का उद्भवते

शरीराचे निरनिराळे भाग व्यायामाला निरनिराळ्या गतीने सरावतात. हृदय, रक्ताभिसरण आणि श्वसन यांत काही आठवड्यांतच सुधारणा जाणवते. तीन-चार आठवड्यांत दम टिकू लागतो आणि पूर्वी अवघड वाटणारे अंतर सोपे होते. स्नायूंनाही तुलनेने लवकर बळ येते. कंडरा आणि हाडे यांना मात्र सरावण्यास कित्येक महिने लागतात.

हाडाच्या बाबतीत ही प्रक्रिया विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वाढलेल्या भाराला प्रतिसाद म्हणून शरीर आधी हाडाचा झिजलेला अंश काढून टाकते व नंतर त्या जागी नवे हाड तयार करते. जुने काढणे काही आठवड्यांत उरकते, परंतु नवे हाड घडून टणक होण्यास काही महिने जातात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा किंचित दुबळे असते. नेमक्या याच काळात दम वाढल्यामुळे धावणाऱ्याचा उत्साह वाढलेला असतो आणि तो अंतर किंवा वेग वाढवतो. सराव सुरू केल्यावर तत्काळ न दुखता काही आठवड्यांनी घोटा दुखू लागतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

पूर्वी पाय मुरगळलेला असणे, पोटरीचे स्नायू दुबळे किंवा आखडलेले असणे, अपुरी झोप, अपुरा आहार आणि दीर्घ विश्रांतीनंतर एकदम जुन्या वेगाने सुरुवात करणे या गोष्टींमुळे धोका वाढतो.

दुखण्याचे प्रमुख प्रकार

वेदनेची नेमकी जागा ही निदानाची पहिली खूण असते.

बाहेरची बाजू: पाय मुरगळल्यास बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे व खाली दुखते, सूज येते आणि एक-दोन दिवसांत त्वचा काळी-निळी पडते. पाय मुरगळलेला नसताना उंचवट्याच्या मागच्या बाजूला दुखत असेल, तर तेथील कंडरांना अतिवापराची इजा झालेली असू शकते. उंचवट्याच्या थोडे वर, बहिर्जंघास्थीवर बोट दाबल्यास एका ठिकाणी तीव्र कळ येणे हे ताणभंगाचे लक्षण असू शकते.

आतली बाजू: कमान उचलणारी कंडरा दुखावल्यास आतल्या उंचवट्यामागे व खाली दुखते आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे अवघड जाते. त्याच भागातून जाणारी चेता दाबली गेल्यास तळव्याला मुंग्या येतात किंवा जळजळ होते. प्रत्यक्ष उंचवट्याच्या हाडावर दुखत असल्यास ताणभंगाची शक्यता विचारात घ्यावी लागते.

मागची बाजू: अकिलिस कंडरेच्या दुखण्यात टाचेच्या काही सेंटिमीटर वर कंडरा जाड व हळवी होते किंवा ती जेथे टाचेला मिळते तेथे दुखते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले टाकताना जाणवणारा ताठरपणा ही तिची ओळख आहे.

पुढची बाजू: पाऊल वर उचलणाऱ्या कंडरांचा अतिवापर, बुटाची नाडी घट्ट बांधणे किंवा सांध्यातील कूर्चेची इजा यांमुळे पुढच्या बाजूला दुखते. सांधा अडकल्यासारखा वाटणे हे कूर्चेच्या इजेत आढळते.

कंडरेचे दुखणे आणि हाडाचे दुखणे

वेदना दिवसभरात कशी बदलते, ही निदानाची दुसरी खूण होय. कंडरेचे दुखणे सुरुवातीला जाणवते, अंग गरम झाल्यावर कमी होते आणि विश्रांतीनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. हाडाचे दुखणे याच्या उलट वागते. धावावे तसे ते वाढत जाते, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दाखवता येते आणि पुढे चालताना, बसल्यावर व रात्री झोपेतही जाणवू लागते. एका पायावर उडी मारताना त्या जागी कळ येणे हीदेखील ताणभंगाची खूण मानली जाते. अशा वेळी धावणे पूर्णपणे थांबवून तपासणी करून घ्यावी.

ताणभंगाचे पहिले वर्णन १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी केले. लांब संचलनानंतर सैनिकांची पावले दुखतात व सुजतात, असे त्यांना आढळले होते. क्ष-किरणांच्या शोधानंतर, १८९७ मध्ये, या दुखण्याचे कारण हाडाला गेलेली चीर असल्याचे स्पष्ट झाले.

वैद्यकीय तपासणी

घोट्याला इजा झाल्यावर क्ष-किरण तपासणी आवश्यक आहे की नाही, हे ठरवण्यासाठी ‘ओटावा नियम’ वापरले जातात. कॅनडातील ओटावा येथे इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये मांडले. घोट्याच्या भागात वेदना असून पुढीलपैकी एक गोष्ट आढळल्यास क्ष-किरण तपासणी करावी, असे हे नियम सांगतात.

• बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेच्या खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये हाड दाबल्यास दुखणे
• आतल्या उंचवट्यावर त्याच भागात हाड दाबल्यास दुखणे
• इजा झाल्यानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे

हे नियम आकस्मिक इजेसाठी आहेत. ताणभंगाला ते लागू पडत नाहीत, कारण ताणभंग झालेली व्यक्ती चालू शकते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात चीर पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे चित्र स्वच्छ आले तरी लक्षणे कायम असल्यास एमआरआय तपासणी सुचवली जाते. कंडरांच्या तपासणीसाठी सोनोग्राफीचाही उपयोग होतो.

पुढील लक्षणांमध्ये विलंब न करता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते: घोट्याचा आकार बदललेला दिसणे, पाऊल बधिर किंवा थंड पडणे, सांधा लाल व गरम होऊन ताप येणे, पोटरी सुजून दुखणे, तसेच टाचेमागे फटका बसल्यासारखा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता न येणे. शेवटचे लक्षण अकिलिस कंडरा तुटल्याचे असू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखावण्याचा व तुटण्याचा धोका वाढतो. म्हणून ही औषधे चालू असताना कंडरा दुखू लागल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.

प्रथमोपचार

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडली. बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे इजा भरून येण्यास उशीर होऊ शकतो, असे मत त्यांनी स्वतःच २०१४ मध्ये नोंदवले. सध्या पहिले दोन-तीन दिवस पायाला जपावे, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा आणि त्यानंतर वेदना सोसवेल तितकी हालचाल लवकर सुरू करावी, असा सल्ला दिला जातो. वेदना कमी करण्यासाठी बर्फ वापरायचा असल्यास तो कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटेच लावावा.

मुरगळलेला पाय जोराने चोळण्याची किंवा ओढून ‘बसवण्याची’ पद्धत अनेक ठिकाणी आढळते. ताज्या इजेत त्यामुळे रक्तस्राव व सूज वाढू शकते, आणि हाड मोडलेले असल्यास ते सरकण्याचा धोका असतो. आंबेहळदीच्या लेपासारख्या घरगुती उपायांनी बरे वाटले, तरी फाटलेला अस्थिबंध किंवा चिरलेले हाड त्यांनी सांधले जात नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे अयोग्य मानले जाते. गोळीमुळे वेदना झाकली जाते आणि इजा मात्र वाढत राहते.

व्यायामोपचार

कंडरा आणि अस्थिबंध यांच्या उपचारात केवळ विश्रांती पुरेशी ठरत नाही. विश्रांतीने वेदना थांबते, परंतु भार सोसण्याची क्षमता वाढत नाही, आणि पुन्हा धावू लागताच दुखणे परतते. म्हणून व्यायाम टप्प्याटप्प्याने दिले जातात.

पहिल्या टप्प्यात सांध्याची हालचाल परत मिळवतात. त्यासाठी पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवण्याचा सोपा व्यायाम उपयोगी पडतो. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही पायांच्या व नंतर एका पायाच्या चवड्यावर उठण्याचा सराव करतात. तिसऱ्या टप्प्यात एका पायावर तोल सांभाळणे, आधी डोळे उघडे व नंतर मिटून, असा व्यायाम येतो. मुरगळल्यानंतर सांध्याची स्थिती ओळखण्याची जाण मंदावते. तोल सांभाळण्याच्या सरावाने ती सुधारते आणि पाय पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते.

अकिलिस कंडरेच्या दुखण्यासाठी स्वीडनमधील हॉकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत सुपरिचित आहे. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच सावकाश खाली सोडायची, अशी १५ आवर्तनांची तीन सत्रे, गुडघा सरळ ठेवून व गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे करायची असतात. कंडरा टाचेला मिळते त्या जागी दुखत असल्यास टाच पायरीच्या खाली न नेता सपाट जमिनीवरच हा व्यायाम करतात.

ताणभंगात मात्र हाड जुळेपर्यंत आघाताचा व्यायाम बंद ठेवावा लागतो. बहिर्जंघास्थीचा ताणभंग साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत भरून येतो. आतला उंचवटा व टॅलस येथील ताणभंगाला अधिक काळ लागतो. प्रसंगी प्लास्टर किंवा शस्त्रक्रियाही करावी लागते.

धावण्याकडे परतणे

अर्धा तास भरभर चालता येणे, दुखऱ्या पायाच्या चवड्यावर दुसऱ्या पायाइतक्याच वेळा उठता येणे आणि एका पायावर वेदनेशिवाय उड्या मारता येणे, या तीन कसोट्या पुन्हा धावण्यापूर्वी लावल्या जातात. सुरुवात चालणे व धावणे आलटून-पालटून करतात. उदाहरणार्थ, एक मिनीट धावणे व दोन मिनिटे चालणे असा क्रम आठ वेळा, एक दिवसाआड. तो सुखरूप पार पडल्यास धावण्याचा वेळ हळूहळू वाढवतात.

कंडरेच्या दुखण्यात शून्य ते दहा या मोजपट्टीवर तीनपर्यंतची वेदना, ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरत असल्यास, सामान्यतः चालण्याजोगी मानतात. दुसऱ्या सकाळी ताठरपणा वाढलेला असल्यास आधीच्या पायरीवर परत यावे. ही सवलत हाडाच्या दुखण्याला लागू नाही. तेथे वेदना शून्य असणे आवश्यक आहे.

प्रतिबंध

दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावपटूंमध्ये प्रचलित आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवोदित धावपटूंवर त्याची चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा टक्क्यांच्या नियमाने सावकाश तयारी करणारा गट आणि नेहमीच्या पद्धतीने तयारी करणारा गट, या दोन्हींमध्ये सुमारे पाचातील एकाला इजा झाली. म्हणजे केवळ हा आकडा पाळल्याने संरक्षण मिळते, असे त्यातून सिद्ध झाले नाही. तरीही एकदम मोठी उडी घेऊ नये, या तत्त्वावर तज्ज्ञांचे साधारण एकमत आहे. व्यवहारात पुढील पथ्ये पाळली जातात.

• अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवणे
• अलीकडच्या महिन्यातील सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी फार पुढे न जाणे
• तीन आठवड्यांच्या वाढीनंतर एक आठवडा सराव हलका ठेवणे
• आठवड्यातून दोन-तीनदा पोटरी व तोल यांचे व्यायाम करणे

पादत्राणांच्या बाबतीत आरामदायी माप हा निकष महत्त्वाचा मानतात. तळव्याच्या कमानीचा आकार पाहून बूट दिल्याने इजा विशेष कमी होत नाहीत, असे अमेरिकी सैन्यातील नवभरती जवानांवरील चाचण्यांत आढळले. अनवाणी किंवा पातळ तळाच्या बुटांनी धावू लागल्यास पोटरी व अकिलिस कंडरेवरील भार वाढतो, म्हणून असा बदल क्रमाक्रमाने करावा.

डांबरी रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता असतो. नेहमी एकाच कडेने धावल्यास एक पाऊल सतत कललेले राहते. खड्डे, पावसाळ्यातील चिखल आणि पहाटेचा अंधार यांमुळे पाय मुरगळण्याचा धोका वाढतो. घाटातील चढण अकिलिस कंडरेवर अधिक ताण आणते. त्यामुळे साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनसारख्या स्पर्धेची तयारी करताना चढाचा सराव वेगळा वाढवावा लागतो.

हाडांच्या आरोग्यासाठी पुरेसा आहार, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आवश्यक आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडल्यास हाडे दुबळी होतात. हा धोका स्त्रिया व पुरुष दोघांनाही असतो. धावपटू स्त्रीची मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही याची महत्त्वाची पूर्वसूचना असून, तिच्याकडे सरावाचा स्वाभाविक परिणाम म्हणून पाहू नये.

भरतीची तयारी करणारे उमेदवार

महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील मॅरेथॉन स्पर्धांमुळे हौशी धावपटूंची संख्या वाढली आहे. त्यांच्याखेरीज धावण्याचा कसून सराव करणारा दुसरा मोठा वर्ग पोलीस व सैन्य भरतीच्या उमेदवारांचा आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याचा समावेश असतो. अंतर लहान असले तरी गुण वेळेवर अवलंबून असल्याने उमेदवार रोज पूर्ण वेगाने धावतात. चाचणीची तारीख ठरलेली, वयोमर्यादा जवळ आलेली आणि सरावाला उरलेले आठवडे मोजके, अशा स्थितीत दुखणे लपवून धावण्याकडे कल असतो. थोड्या काळात अचानक वाढलेला भार हे ब्राइटहाउप्ट यांनी पाहिलेल्या सैनिकांच्या दुखण्याचेच कारण येथेही लागू पडते.

अशा उमेदवारांनी आठवड्यातून दोन-तीन दिवसच पूर्ण वेगाचा सराव ठेवून इतर दिवशी सावकाश धावणे हितावह असते. घोटा दुखत असेल त्या काळात सायकल चालवणे किंवा पोहणे यांमुळे हाडावर आघात न होता दम बराच टिकवता येतो. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन चाचणी दिल्यास अपुरी चीर पूर्ण अस्थिभंगात बदलू शकते. वेळीच ओळखलेल्या साध्या ताणभंगासाठी काही आठवड्यांची विश्रांती पुरते. पूर्ण मोडलेल्या हाडामुळे मात्र कित्येक महिने आणि पुढची भरतीही हातची जाऊ शकते.